देवाशी समेट आणि समेटाची वकिली: स्वतःपासून सुरुवात कशी करावी

आपल्याकडे समेट हा शब्द बहुधा शेताच्या बांधावर, भाऊबंदकीच्या वाटपात किंवा मोडलेल्या संसारात ऐकू येतो. बांध हातभर सरकला म्हणून दोन घरांत अबोला धरला जातो, मग गावातील चार जाणती माणसे मध्ये पडतात, एकाला थोडे मागे यायला सांगतात, दुसऱ्याला थोडे सोडायला लावतात आणि चहा होऊन बैठक उठते. पवित्र शास्त्रातला समेट मराठीत याच शब्दाने आला आहे, म्हणून तो समजून घेताना आणि इतरांना सांगताना एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करावी लागते. देवाने आपल्याशी केलेला समेट ही तडजोड नव्हे. तेथे दोन्ही पक्षांनी थोडे थोडे सोडलेले नाही. ज्याच्याविरुद्ध अपराध घडला तोच उठून अपराध्याच्या दारी आला आणि नुकसानीचा सगळा भार त्याने स्वतःवर घेतला.

या लेखात मी दोन कामांविषयी लिहीत आहे: देवाशी समेट कसा स्वीकारावा आणि त्याचा संदेश दुसऱ्याला कसा सांगावा. मंडळ्यांमध्ये यांची शिकवण बहुधा वेगवेगळी दिली जाते. पहिली बाप्तिस्म्याच्या किंवा दृढीकरणाच्या वर्गात आणि दुसरी सुवार्तेच्या शिबिरात. माझा अनुभव असा आहे की या दोन्हींच्या मध्ये एक पायरी राहून जाते, ती म्हणजे ज्या माणसांशी आपले बिनसले आहे त्यांच्याकडे जाण्याची, आणि ती राहिली की सांगणाऱ्याचे शब्द कितीही शुद्ध असले तरी ऐकणाऱ्याच्या मनात उतरत नाहीत. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा मी त्या मधल्या पायरीला दिली आहे.

आधी मूळ वचन नीट वाचावे

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा पाचवा अध्याय, अठरा ते एकवीस ही वचने या विषयाचा पाया आहेत. ती एका बैठकीत वाचून न संपवता आठवडाभर रोज सकाळी मोठ्याने वाचावीत आणि एका वहीत प्रत्येक वाक्याचा कर्ता कोण आहे ते लिहावे. हा अभ्यास शाळेतल्या व्याकरणासारखा वाटेल, पण त्यातून फार मोठी गोष्ट हाती लागते. पौल ज्या ज्या ठिकाणी देवाशी होणाऱ्या समेटाविषयी लिहितो, त्या त्या ठिकाणी समेट करणारा देव असतो आणि ज्यांचा समेट होतो ती माणसे असतात. रुसलेल्या देवाची माणसाने समजूत काढली, असे तो कोठेही म्हणत नाही. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील दहावे वचनही याच वहीत लिहून घ्यावे, कारण आपण वैरी असतानाच हे घडले, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे.

पौलाने वापरलेले ग्रीक क्रियापद ‘कातालास्सो’ हे आहे. त्याच्या मुळाशी अदलाबदलीचा, एका गोष्टीच्या जागी दुसरी देण्याचा अर्थ आहे. वैराच्या जागी सख्य येणे हा त्यातूनच आलेला अर्थ. हाच शब्द पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात, सातव्या अध्यायात, नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या स्त्रीने त्याच्याशी समेट करण्याविषयी लिहिताना वापरला आहे. म्हणजे हा शब्द केवळ देवळातला नव्हता, तो घरातला होता. दुसऱ्या पत्रातील त्या एकविसाव्या वचनात अदलाबदल उघडच दिसते: ज्याला पाप ठाऊक नव्हते त्याने आपले पाप घेतले आणि आपल्याला त्याचे नीतिमत्त्व मिळाले.

पहिली पायरी: पापाला त्याच्या नावाने हाक मारणे

“प्रभू, मी पापी आहे” ही प्रार्थना खरी आहे, परंतु ती इतकी व्यापक आहे की तिच्या आड माणूस वर्षानुवर्षे लपून राहू शकतो. मी असे सुचवतो की एका शांत वेळी, घरातील माणसे झोपल्यावर किंवा पहाटे, अर्धा तास बाजूला काढावा, स्तोत्र ५१ आणि स्तोत्र ३२ सावकाश वाचावीत आणि मग कागदावर नेमकी वाक्ये लिहावीत. “माझ्यात लोभ आहे” असे लिहू नये. “बहिणीच्या वाट्याची जमीन हक्कसोड पत्रावर सही घेऊन मी स्वतःकडे ठेवली” असे लिहावे. “माझी जीभ तिखट आहे” असे न लिहिता कोणाला, कोणासमोर, काय बोललो ते लिहावे. कागद भरला की प्रत्येक ओळ देवासमोर वाचावी, आणि योहानाच्या पहिल्या पत्रातील १:९ हे क्षमेचे अभिवचन त्याच कागदाखाली लिहावे.

कॅथोलिक वाचकांना या पायरीसाठी प्रायश्चित्त संस्काराची, म्हणजेच समेट संस्काराची, वाट परंपरेने मिळालेली आहे, आणि धर्मगुरूकडे जाण्यापूर्वी केलेली अशी लेखी आत्मपरीक्षा तेथेही उपयोगी पडते. प्रोटेस्टंट मंडळ्यांत कबुली थेट देवाजवळ दिली जाते, पण याकोबाच्या पत्रातील ५:१६ या वचनाप्रमाणे एखाद्या पोक्त, तोंडाळ नसलेल्या विश्वासणाऱ्याजवळ मन मोकळे करण्याची रीत आपण जवळजवळ सोडून दिली आहे. ती पुन्हा धरावी. पुरुषाने पुरुषाजवळ व स्त्रीने स्त्रीजवळ ही कबुली द्यावी, आणि ऐकणाऱ्याने ती प्रार्थना-विनंती म्हणून बुधवारच्या सभेत मांडू नये.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. ज्याच्यावर अन्याय झाला आहे अशा माणसाच्या कागदावर पुष्कळदा दुसऱ्याचे पाप स्वतःच्या नावे लिहिलेले आढळते. लहानपणी ज्याचा गैरफायदा घेतला गेला किंवा जिला घरात मार खावा लागला, ती व्यक्ती त्या गोष्टींची दोषी नाही. असे काही दिसले तर त्या ओळीवर काट मारावी आणि ती का मारली हेही तिला सांगावे.

दुसरी पायरी: दिलेले स्वीकारणे

ही पायरी लिहायला सोपी आणि चढायला कठीण आहे, कारण तेथे करण्यासारखे काही उरत नाही. वधस्तंभावर जे झाले ते आपल्यासाठी झाले एवढे मान्य करून, “होय, हे मला हवे आहे” असे साध्या शब्दांत देवाला सांगायचे असते. शब्दांना ठरावीक साचा नाही. रडू येईलच असे नाही, अंगावर काटा येईलच असेही नाही; भावना आली नाही म्हणून समेट झाला नाही असा निष्कर्ष काढू नये.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण या जागी मला नेहमी आठवते. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांची तिकडच्या भगिनी करत असलेली सेवा पाहून आणि योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून त्या भारावून गेल्या होत्या. तरीही पुढे कित्येक वर्षांनी त्यांनी प्रांजळपणे लिहिले की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, स्वतः ख्रिस्त मात्र नंतर सापडला. एवढ्या विदुषीला हे सांगताना संकोच वाटला नाही, तर तीन पिढ्यांचे ख्रिस्ती म्हणवणाऱ्या आपल्यालाही ते तपासून पाहायला संकोच वाटू नये.

तिसरी पायरी: वेदीजवळून परत फिरणे

मत्तय ५:२३-२४ मध्ये प्रभू सांगतो की वेदीजवळ दान आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर दान तेथेच ठेवून आधी जाऊन त्याच्याशी समेट करावा. हे शब्द गालीलात बोलले गेले आणि वेदी होती यरुशलेमेत, शंभर किलोमीटरहून अधिक दूर. गालीलातल्या माणसाने हे अक्षरशः पाळायचे ठरवले, तर कित्येक दिवस पायी चालून आणलेले अर्पण ठेवून, तितकेच दिवस परत चालायचे आणि नंतर पुन्हा यायचे. ऐकणाऱ्यांना हा हिशेब न सांगताच कळला असणार. शिवाय वचनात “तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर” असे म्हटलेले नाही, त्याच्या मनात असेल तर असे म्हटले आहे. म्हणजे आपण विसरलो असलो तरी सुटका नाही.

मी स्वतः हे वचन कितीतरी वेळा शिकवले होते, आणि त्याच काळात माझ्या थोरल्या चुलतभावाशी माझे तीन वर्षे बोलणे नव्हते. आमची विहीर सामाईक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. एका उन्हाळ्यात लाईट रात्रीचीच येत असे. त्याच्या पाळीच्या रात्री मी दोन तास मोटार माझ्याकडे चालू ठेवली, आणि सकाळी त्याने विचारले तेव्हा सरळ नाही म्हणून सांगितले. त्याचा कांदा त्या आठवड्यात माना टाकून बसला. पुढे एका रविवारी प्रभुभोजनाचे ताट माझ्या बाकाशी आले, शेजारच्याने ते माझ्या हातात दिले आणि मला भाकरी उचलता आली नाही. मी ताट पुढे दिले. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो तर त्याने आत या म्हटले नाही. मी पायरीखालीच उभा राहून बोललो. “अण्णा, त्या रात्री पाणी मीच घेतलं होतं आणि तुम्हाला खोटं सांगितलं. मला क्षमा करा.” तो पुष्कळ वेळ गोठ्याकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, “कांद्याचं मी केव्हाच सोडलं. तोंडावर खोटं बोललास, ते राहिलं होतं.” मी नुकसानीचे पैसे नेले होते. ते त्याने मोजून घेतले, आणि त्याने ते घेतले याचे मला फार बरे वाटले.

त्या प्रसंगातून आणि नंतर इतरांसोबत अशा घरी जाण्यातून जे शिकलो ते असे. जाण्यापूर्वी आपले वाक्य पाठ करून जावे आणि त्यात “पण” हा शब्द येऊ देऊ नये; “मी चुकलो, पण तुम्हीही” असे वाक्य उच्चारले की आपण पुन्हा बांधावरच्या बैठकीत जाऊन बसतो. “काही चुकले असल्यास माफ करा” हे वाक्यही टाळावे, कारण त्यात काय चुकले हे ओळखण्याचे काम समोरच्यावर टाकलेले असते. व्हॉट्सॲपवर क्षमा मागू नये. अंतर फारच असेल तर फोन करावा. समोरच्याने रागाने बोलून घेतले तर मध्ये न तोडता ऐकावे. त्याने क्षमा केली नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन त्याला भरीस पाडू नये. रोमकरांस १२:१८ मध्ये शक्य तितके, आपल्याकडून होईल तितके, शांतीने राहावे असे म्हटले आहे, आणि त्या मर्यादेचाही मान राखावा.

घेतलेले परत देणे हा या पायरीचाच भाग आहे. मोशेच्या नियमशास्त्रात, गणना ५:६-७ मध्ये, अपराध कबूल करून पूर्ण भरपाई द्यावी आणि वर पाचवा हिस्सा घालावा अशी आज्ञा आहे. यरीहोचा मुख्य जकातदार जक्कय याने त्याहून पुढे जाऊन अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवून घेतलेल्याच्या चौपट परत देण्याचे कबूल केले. त्याने हे दिले म्हणून येशू त्याच्या घरी गेला नाही. येशू घरी आला म्हणून त्याला हे देता आले. हा क्रम शिकवताना उलटू देऊ नये.

या पायरीचा दुरुपयोग होतो, म्हणून थोडे अधिक स्पष्ट लिहितो. मारहाण करणाऱ्या नवऱ्याच्या घरी बायकोला “समेट कर” म्हणून परत पाठवणे हे या वचनांचे पालन नव्हे. क्षमा एकटा माणूस करू शकतो. समेटाला मात्र अपराध्याची कबुली, भरपाई आणि बदललेली वागणूक लागते, आणि तोपर्यंत सुरक्षित अंतर राखणे हे पाप नाही. पाळकांनी आणि मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी अशा वेळी आधी त्या स्त्रीच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेची तजवीज करावी, गरज असेल तर तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जावे, आणि वचने नंतर वाचावीत.

दुसरी गोष्ट मंडळीच्या घरातली आहे. इफिसकरांस २:१४ मध्ये मधली आडभिंत पाडल्याचे लिहिले आहे, आणि आपल्या कित्येक घरांत मुलाचे स्थळ पाहताना पूर्वजांची जात अजूनही हळू आवाजात विचारली जाते. ही भिंत आपण उभी ठेवायची आणि बाहेरच्यांना देवाच्या समेटाविषयी सांगायचे, हे जमणारे नाही. ज्याला ही पायरी कोठून सुरू करावी असा प्रश्न पडला असेल, त्याने आपल्या घरातील पुढच्या लग्नाच्या बोलणीपासून सुरुवात करावी.

चौथी पायरी: आपली साक्ष तयार करणे

करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या त्याच पाचव्या अध्यायातील विसाव्या वचनात पौल म्हणतो की आम्ही ख्रिस्ताच्या वतीने वकिली करतो. आज वकील म्हटले की कोर्टातील काळा कोट डोळ्यांसमोर येतो आणि सुवार्ता सांगणाऱ्यालाही वाटू लागते की आपल्याला वाद जिंकायचा आहे. जुन्या मराठीत मात्र वकील म्हणजे दरबारातील दूत. दिल्लीच्या दरबारी पेशव्यांची वकिली करणारे हिंगणे घराणे प्रसिद्ध आहे. असा वकील धन्याचा निरोप जसाच्या तसा पोहोचवत असे, परक्या दरबारचे रीतिरिवाज पाळत असे, तिथली भाषा शिकत असे. पौलाच्या ग्रीक शब्दाचा अर्थही राजदूताचाच आहे, आणि त्याच्या वाक्यातील सूर आज्ञेचा नाही, विनवणीचा आहे.

साक्ष तीन ते चार मिनिटांची असावी. आधी मी कसा होतो ते एका खऱ्या प्रसंगातून सांगावे, मग ख्रिस्ताची ओळख कशी झाली, आणि शेवटी आता काय बदलले व काय अजून बदलायचे आहे. हे शेवटचे वाक्य गाळू नये. ज्याच्या आयुष्यात सगळेच सुरळीत झाले आहे अशा माणसाच्या साक्षीवर शेजारी विश्वास ठेवत नाही, कारण तो आपल्याला रोज पाहत असतो. ती लिहून काढावी आणि मंडळीबाहेरच्या माणसाला कळणार नाहीत असे शब्द शोधून बदलावेत. “तारण झाले”, “रक्ताने धुतला गेलो”, “ओझे लागले”, “अभिषेक उतरला” हे शब्द आपल्याला जवळचे आहेत, परंतु बाहेरच्याला त्यांचा अर्थ लागत नाही किंवा भलताच लागतो. “देवाने मला माफ केले हे कळल्यावर मी भावाकडे गेलो” हे वाक्य कोणालाही कळते.

नारायण वामन टिळकांनी हीच वाट मराठीसाठी मोकळी केली. ख्रिस्ताविषयी मराठी माणसाशी बोलायचे तर अभंगात, भजनात, कीर्तनात बोलावे, हे त्यांनी स्वतः रचना करून दाखवले, आणि त्यांची पदे आजही आपल्या उपासनेत गायिली जातात. परदेशी प्रचारकाच्या भाषणाचा अनुवाद पाठ करण्याऐवजी आपल्या आजीला कळेल अशा मराठीत बोलायचे ठरवले, तर निम्मे काम तेथेच होते.

पाचवी पायरी: कोणाला, कोठे आणि कोणत्या मर्यादेत

येशूचा शिष्य अंद्रिया याने सर्वांत आधी आपला भाऊ शिमोन याला गाठले. आपणही ओळखीच्या माणसापासून सुरुवात करावी आणि आधी त्याचे ऐकावे. बोलण्यापूर्वी “माझ्या आयुष्यात घडलेले काही सांगू का?” असे विचारावे आणि नाही म्हटल्यास विषय बदलावा. पेत्राच्या पहिल्या पत्रातील ३:१५ मध्ये विचारणाऱ्याला उत्तर द्यावे, आणि ते सौम्यतेने द्यावे, असे सांगितले आहे. दुसऱ्याच्या देवदेवतांविषयी वाईट बोलू नये. इफिसात पौलाच्या सोबत्यांवर दंगल उसळली तेव्हा तेथल्या शहराच्या लेखकाने, म्हणजे पालिकेच्या अधिकाऱ्यानेच, या माणसांनी आपल्या देवीची निंदा केलेली नाही अशी ग्वाही दिली (प्रेषितांची कृत्ये १९:३७). आपल्याविषयी आपल्या गावचा सरपंच अशी ग्वाही देईल का, हे तपासून पाहावे.

कायद्याची मर्यादाही ठाऊक असावी. भारतीय संविधानाचे २५ वे कलम धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की प्रसाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही. अनेक राज्यांत बळजबरीने, फसवणुकीने किंवा आमिषाने केलेल्या धर्मांतराविरुद्ध कायदे आहेत. आपल्या राज्यातील तरतुदी जाणकार वकिलाकडून समजून घ्याव्यात. कायदा नसता तरी आपली रीत तीच असायला हवी होती, कारण देवाने आपल्याला फसवून किंवा विकत घेऊन समेट केलेला नाही. म्हणून फी, औषध, धान्य, नोकरी यांचा संदेशाशी संबंध जोडू नये. आजारी माणसाला “विश्वास ठेवलास तर बरा होशील, गोळ्या बंद कर” असे कधीही सांगू नये. दुसऱ्यांच्या लहान मुलांना आईवडिलांच्या परवानगीवाचून सभेला आणू नये. कोणाच्या साक्षीचा व्हिडिओ त्याच्या संमतीशिवाय पसरवू नये, कारण आपल्यासाठी जो उत्साह असतो त्याची किंमत त्याला घरी मोजावी लागते.

सहावी पायरी: सोबत बसणे

कोणी मनापासून अधिक विचारले तर त्याच्यासोबत लूकचे शुभवर्तमान उघडावे. पहिल्या बैठकीत पंधरावा अध्याय, उधळ्या पुत्राचा. दुसऱ्या बैठकीत एकोणिसावा, जक्कयाचा. मग तेविसावा आणि चोविसावा. प्रत्येक वेळी त्यालाच वाचू द्यावे आणि “यातील कोणता माणूस तुम्हाला ओळखीचा वाटतो?” एवढेच विचारावे. पुष्कळांना उधळ्या पुत्राचा घरीच राहून रुसलेला थोरला भाऊ ओळखीचा वाटतो, आणि तेथे संभाषण खरे सुरू होते.

घाई करू नये. टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत नव्हत्या. तो घाव खोल होता आणि काही वर्षे दोघांना वेगळे राहावे लागले. संसार पुन्हा मांडल्यावरही लक्ष्मीबाईंनी लगेच बाप्तिस्मा घेतला नाही. त्यांची स्वतःची खात्री पटल्यावर, १९०० साली, त्यांनी तो घेतला. आपल्याकडे येणाऱ्याच्या घरीही अशी एक आई, एक बायको, एक नवरा असतो. त्यांच्यापासून काही लपवायला त्याला सांगू नये. उलट त्यांना भेटायला जावे, जेवायला बसावे, त्यांच्या शंका ऐकाव्यात.

आणि ऐकणारा नको म्हणाला तर नाते तसेच पुढे चालू ठेवावे. माझ्या एका सहकाऱ्याने दोन बैठकींनंतर मला सांगितले की त्याला त्याच्या घरचा देवधर्म पुरेसा आहे. मी लूकची प्रत त्याच्याकडेच ठेवली आणि तो विषय पुन्हा काढला नाही. त्याच्या वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागते. गुरुवारची पाळी माझी होती, ती अजून माझीच आहे.